शेजारीण चेटकीण कशी ठरली?

मागच्या अंकात योहानेस केप्लरबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं: ग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतात हे दाखवून देणाऱ्या या माणसाच्या आईवर चेटकीण असल्याचा खटला चालला होता. बाकीचा लेख बाजूला राहिला आणि पत्रं आली ती या एका वाक्यावर. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला देते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : केप्लरच्या आईचं पुढे काय झालं? एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या आईवर असा आळ घ्यायची लोकांची हिंमत कशी झाली?

ती सुटली. पण त्याला सहा वर्षं लागली आणि त्यातले चौदा महिने ती कैदेत, साखळीने बांधलेली होती. तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

काथारिना केप्लर दक्षिण जर्मनीत, व्युर्टेम्बर्ग संस्थानातल्या लेओनबर्ग गावात राहायची. नवरा घर सोडून गेला तो परतलाच नाही, पोरं तिनेच वाढवली. झाडपाल्याची थोडी माहिती होती, काढे करून द्यायची. स्वभाव मात्र फटकळ. आपली आई भांडकुदळ आहे, हे खुद्द केप्लरनेच लिहून ठेवलं आहे. मुलगा दूर लिंझला, सम्राटाचा गणिती म्हणून. गावाला त्याचं काय कौतुक? गावाच्या लेखी ती एकटी राहणारी, सगळ्यांच्या घरात डोकावणारी म्हातारी होती.

1615 मध्ये उर्सुला राइनबोल्ड नावाची शेजारीण म्हणायला लागली की काथारिनाने पाजलेल्या पेयामुळे माझं दुखणं सुरू झालं. उर्सुलाचा भाऊ शस्त्रवैद्य होता आणि गावच्या अंमलदाराशी त्याची ऊठबस होती. या दोघांनी म्हातारीला बोलावून घेतलं आणि तलवार रोखून सांगितलं, तूच केलंस, आता तूच उतरव. नीट विचार करा, तिने घाबरून काही मंत्र पुटपुटला असता तर तोच पुरावा झाला असता. तिने नकार दिला. घरच्यांनी बदनामीचा दावा लावला, पण तो ज्याच्यापुढे चालायचा तो अंमलदार स्वतःच तलवारीच्या प्रसंगात सामील होता. दावा रेंगाळला आणि तेवढ्यात गावाची आठवण जागी झाली. शाळामास्तरला आपला अधू पाय आठवला, शिंप्याला दगावलेली मुलं आठवली. विटा घेऊन जाणारी एक मुलगी म्हणाली, ही बाजूने गेली आणि माझा हात दुखायला लागला. त्यात काथारिनाने दोन गोष्टी अशा केल्या होत्या की त्या तिच्या चांगल्याच अंगाशी आल्या. अंमलदाराला तिने चांदीचा पेला देऊ केला होता. आणि कधीतरी पूर्वी थडगी खणणाऱ्याकडे आपल्याच बापाची कवटी मागितली होती, चांदीने मढवून मुलासाठी पेला करायला.

ऑगस्ट 1620 मध्ये तिला अटक झाली. केप्लर लिंझहून आला आणि शंभराहून जास्त पानांचा लेखी बचाव उभा राहिला. त्याची पद्धत मला फार मोलाची वाटते. तो चेटूक असतं की नसतं या वादात शिरतच नाही. एकेक दुखणं घेतो आणि त्याचं साधं कारण दाखवतो: मास्तरने चर ओलांडताना उडी मारली होती, मुलीने डोईजड विटा उचलल्या होत्या. हे सगळे कागद ट्युबिंगन विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे गेले. त्यांनी मत दिलं की छळाची हत्यारं फक्त दाखवा, धमकवा, अंगाला लावू नका. 28 सप्टेंबर 1621 ला तिला हत्यारांपुढे उभं केलं. माझ्या अंगातली एकेक शीर ओढून काढलीत तरी माझ्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही, असं ती म्हणाली आणि गुडघे टेकून प्रार्थना म्हणू लागली. ऑक्टोबरमध्ये सुटली, पुढच्या एप्रिलमध्ये गेली.

ही बाई वाचली, कारण बचाव लिहून द्यायची मुभा होती आणि निकाल गावाबाहेरच्या, तिला न ओळखणाऱ्या माणसांनी कागद वाचून दिला. ही दोन्ही दारं जिथे बंद होती तिथे काय व्हायचं, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मी काही कबुलीजबाबांची भाषांतरं वाचली. सगळीकडे तेच: सैतान भेटला, रात्रीच्या मेळाव्याला उडत गेलो, अमुक अमुक तिथे दिसले. एकमेकांना न ओळखणारी माणसं इतकं सारखं कसं सांगतील? थोडं तरी खरं असेल ना?

हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला जागाही जास्त देते. तेव्हाचे न्यायाधीश नेमका हाच युक्तिवाद करायचे: इतकी माणसं एकच सांगतात म्हणजे ते खरं असणार.

याचं उत्तर एका पत्रात आहे. बाम्बर्ग हे तेव्हा बिशपच्या सत्तेखालचं छोटं राज्य. मे 1626 च्या अखेरीला तिथल्या सगळ्या परिसरात कडाक्याची थंडी पडून दव गोठलं आणि द्राक्षांचे मळे एका रात्रीत जळून गेले. हे कुणीतरी केलं असणार, अशी ओरड झाली. खटल्यांसाठी खास आयोग बसला, 1627 मध्ये खास तुरुंग बांधला गेला. पहिल्यांदा गरीब बायका पकडल्या गेल्या, मग त्यांनी नावं घेतलेल्या बायका, मग त्यांचे नवरे. अशी साखळी वर चढत चढत राज्याच्या चॅन्सेलरपर्यंत, म्हणजे मुख्य कारभाऱ्यापर्यंत, आणि योहानेस युनियसपर्यंत पोचली. युनियस शहराचा बर्गोमास्टर, म्हणजे आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखा. वय 55. त्याच्या बायकोला आधीच मारलं होतं.

28 जून 1628 ला त्याची पहिली चौकशी झाली. दोनच दिवसांनी छळ सुरू झाला. सरकारी नोंद अशी आहे की अंगठे चेपले तरी कबूल होत नाही, पाय चेपले तरी होत नाही. ती नोंद वाचून वाटतं की हा माणूस कशानेच हलला नाही. 5 जुलैला त्याने सगळं कबूल केलं. बागेत एक बाई भेटली, तिचा बोकड झाला, देवाला नाकारलं, मेळाव्याला गेलो, सगळं काही.

पण 24 जुलैला त्याने मुलीला, व्हेरोनिकाला, चोरून पत्र लिहिलं. दोन्ही हात निकामी झाले होते, त्यामुळे पत्र पुरं करायला त्याला कित्येक दिवस लागले. निर्दोष असून तुरुंगात आलो, निर्दोष असून छळ सोसला, निर्दोष असूनच मरणार, अशी सुरुवात आहे. हात पाठीमागे बांधून त्याला आठ वेळा वर ओढलं आणि खाली सोडलं. मग तुरुंगात परत नेताना खुद्द मांगाने, म्हणजे छळ करणाऱ्या त्या जल्लादाने, त्याला विनवलं की साहेब, देवासाठी काहीतरी कबूल करा, खरं असो वा खोटं. काहीतरी रचा, कारण हा छळ तुम्हाला सोसणार नाही आणि सोसलात तरी सुटका नाही. युनियसने विचार करायला एक दिवस मागून घेतला. पाद्री मागितला, तो दिला नाही. मग त्याने गोष्ट रचली.

तेवढ्याने भागलं नाही. मेळाव्यात कोण कोण दिसले? कुणाला ओळखलं नाही, असं तो म्हणाला. तेव्हा त्याला सांगण्यात आलं की बाजारपेठेपासून सुरू कर आणि एकेक रस्ता घे. मनातल्या मनात शहरातून चालत जायचं आणि प्रत्येक रस्त्यावरचं एक तरी नाव द्यायचं. एका लांब रस्त्यावर कुणीच आठवेना, तर तिथली आठ नावं द्यावी लागली. दिलं नसतं तर पुन्हा दोरी होतीच.

आता तुमच्या प्रश्नाकडे या. कबुलीजबाब सारखे होते, कारण प्रश्न सारखे होते. प्रश्नांच्या याद्या तयार असायच्या, उत्तर जुळेपर्यंत छळ चालायचा. शिवाय मेळाव्याच्या गोष्टी चर्चमधल्या प्रवचनांतून आणि पत्रकांतून सगळ्यांना तोंडपाठ होत्या. आणि प्रत्येक कबुलीतून पाच-दहा नवी नावं निघायची, ती माणसं पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत असायची. या तुरुंगात जो येतो त्याला चेटक्या व्हावंच लागतं, किंवा डोक्यातून काहीतरी रचेपर्यंत छळ सोसावा लागतो, असं युनियसने लिहिलं आहे. समासात त्याने आणखी एक ओळ लिहिली: माझं नाव घेणाऱ्यांनी मरण्याआधी माझी क्षमा मागितली, त्यांनाही बळजबरीनेच बोलावं लागलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये त्याला मारलं. पत्र आजही बाम्बर्गमध्ये जपून ठेवलेलं आहे.

तीन वर्षांनी, 1631 मध्ये, फ्रिडरिश श्पे या जेझुइट पाद्र्याने नाव न घालता एक लॅटिन ग्रंथ छापला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आपण सगळे चेटके ठरलो नाही, कारण आपला सगळ्यांचा छळ झालेला नाही.

प्रश्न : युरोपात नव्वद लाख बायका जाळल्या असं वाचलं. हा आकडा बरोबर आहे का?

नाही. त्याचा उगमही माहीत आहे. 1784 मध्ये क्वेडलिनबर्ग गावच्या फोइग्ट नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या गावच्या थोड्या खटल्यांवरून अख्ख्या युरोपचा आणि कित्येक शतकांचा गुणाकार केला आणि 94,42,994 हा आकडा काढला. शेवटच्या एककापर्यंत! तो पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. आज अभ्यासक जुन्या दप्तरांच्या आधारे साधारण 1450 ते 1750 या काळात चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असं मानतात. त्यांतली जवळपास निम्मी आजच्या जर्मनीत आणि त्याच्या आसपासच्या भागात. सर्वात वाईट काळ 1560 ते 1630 चा. म्हणजे याला मध्ययुगातला अंधार म्हणता येत नाही. छापखाने, विद्यापीठं, दुर्बिणी हे सगळं तेव्हा होतं.

आकडा लहान केला म्हणून काही वाचकांना वाईट वाटेल. वाटू नये. 1562 च्या ऑगस्टमध्ये मोठी गारपीट झाली आणि त्यानंतर व्हिझेनश्टाइग या चिमुकल्या गावात 63 बायकांना मारलं. त्या गावापुरतं तेवढंच पुरे होतं.

प्रश्न : ताई, या बायका खरं तर सुईणी आणि वैदू होत्या, पुरुष डॉक्टरांना त्यांची अडचण होत होती म्हणून त्यांना संपवलं, असं आमच्या गटात चर्चेत निघालं. तुमचं मत?

हे ऐकायला पटतं, पण दप्तरं तसं सांगत नाहीत. सुईणींवर खटले झाले, पण त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त झाले असं दिसत नाही. उलट आरोपी बाईच्या अंगावर सैतानाची खूण शोधायला न्यायालयं सुईणींनाच बोलवायची. आणि गावोगावचे मांत्रिक, वैदू बऱ्याचदा आरोप करणाऱ्यांच्या बाजूला दिसतात. आजाऱ्याला “तुला कुणीतरी केलंय” हे पहिल्यांदा सांगणारा तोच असायचा.

मारल्या गेलेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोड्या जास्त बायका होत्या, हे मात्र खरं. बायका दुबळ्या मनाच्या, म्हणून सैतानाला लवकर बळी पडतात, हे तेव्हाचे विद्वान उघड लिहीत होते. पण खालून, गावातून येणारा आरोप वेगळ्या जागी सुरू व्हायचा: दूध नासलं, लोणी निघेना, तान्हं बाळ गेलं, गाय मेली. ही सगळी बायकांच्या हातातली कामं, त्यामुळे भांडणंही बायकांत आणि संशयही बायकांवर. आरोप करणाऱ्याही पुष्कळदा बायकाच असायच्या. इंग्लंडच्या खटल्यांत एक प्रसंग फार वेळा येतो: म्हातारी दारात काहीतरी मागायला येते, नाही म्हटलं जातं, ती पुटपुटत निघून जाते, आणि दोन दिवसांत घरात कुणी आजारी पडतं. नाही म्हटल्याची टोचणी आणि आजाराची भीती एकमेकांत मिसळतात.

आणि सगळीकडे बायकाच असंही नाही. आइसलँडमध्ये मारलेल्यांत जवळजवळ सगळे पुरुष होते, नॉर्मंडीत आणि रशियातही पुरुष जास्त. तिथल्या लोकांच्या मनात जादू करणारा म्हणजे मेंढपाळ, किंवा अक्षरं कोरून मंत्र लिहिणारा माणूस.

प्रश्न : हे सगळं इन्क्विझिशनने केलं ना? धर्मन्यायालयं नसती तर हे झालं असतं का?

बहुतेक मृत्युदंड दिवाणी, म्हणजे राजाच्या किंवा संस्थानाच्या न्यायालयांनी दिले. सोळाव्या-सतराव्या शतकात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनीही हे केलं. स्पेनच्या इन्क्विझिशनच्या नावावर पुष्कळ क्रौर्य आहे, पण चेटकाच्या बाबतीत तिथेच एक माणूस उभा राहिला आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

1609 मध्ये फ्रान्सच्या बास्क भागात मोठे खटले झाले आणि घबराट डोंगर ओलांडून स्पेनमध्ये आली. नोव्हेंबर 1610 मध्ये लोग्रोन्योला सहा जणांना जिवंत जाळलं. पाच जण तुरुंगातच मेले होते, त्यांचे पुतळे जाळले. इन्क्विझिशनच्या त्या न्यायासनावरच्या तिघांपैकी सर्वात कनिष्ठ होता आलोन्सो दे सालाझार फ्रियास. पुढच्या वर्षी त्याला त्या खेड्यांत पाठवलं. तो काही महिने फिरला. 1,802 जण त्याच्यापुढे आले, त्यांत 1,384 लहान मुलं होती. त्याने काय केलं पाहा. मेळाव्याला एकत्र गेलो म्हणणाऱ्यांना वेगवेगळं करून जागा विचारली, वाट विचारली, उत्तरं जुळेनात. सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री मेळावा भरतो म्हणतात त्या जागी आपले कारकून पाठवले. तिथे कुणी आलं नाही. उडण्याच्या मलमाची म्हणून 22 मडकी जमा झाली, ती वैद्यांना दाखवली, जनावरांवर वापरून पाहिली. सगळं बनावट. त्याने वर कळवलं की या विषयावर बोलणं आणि लिहिणं सुरू होईपर्यंत इथे चेटकिणीही नव्हत्या आणि चेटूक झालेलेही नव्हते.

1614 मध्ये इन्क्विझिशनच्या माद्रिदमधल्या सर्वोच्च मंडळाने त्याच्या अहवालावरून पुराव्याचे कडक नियम केले. त्यानंतरच्या वर्षांत कॅटलोनियात मात्र, जिथे स्थानिक दिवाणी न्यायालयं आपल्या मनाने चालत होती, तिथे बायका फासावर चढतच राहिल्या. देश एक, धर्म एक, भीतीही तीच. कोर्ट तेवढं वेगळं.

प्रश्न : पाण्यात टाकायचे, बुडाली तर निर्दोष पण मेली, तरंगली तर दोषी. हे खरं आहे का?

अर्धं खरं. हातापायाचे अंगठे बांधून पाण्यात टाकायचे आणि तरंगलेली दोषी धरायचे, कारण बाप्तिस्म्याचं पाणी तिला नाकारतं असा समज. पण कमरेला दोर असायचा आणि बुडणारीला ओढून काढायचे. इंग्लंडमध्ये कायद्याने छळाला परवानगी नव्हती, म्हणून अशा वाटा शोधल्या गेल्या. 1645 मध्ये चेटकिणी शोधून काढण्याचा धंदा करणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सने एलिझाबेथ क्लार्क या एका पायाच्या म्हाताऱ्या विधवेला रात्रीमागून रात्री जागवत ठेवलं, तेव्हा ती बोलली. अंगाला कुणी हत्यार लावलं नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री छळ झालाच नाही! चेम्सफर्डला तिला फाशी दिलं. हॉपकिन्स गावोगाव फी घेऊन जायचा. स्टोमार्केट गावाने त्याला 23 पौंड दिले.

प्रश्न : हे थांबलं कसं? लोक शहाणे झाले म्हणून?

लोकांचा विश्वास पुढेही पुष्कळ वर्षं टिकला. आधी न्यायाधीश थांबले. पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने खालच्या कोर्टांचे असे निकाल आपल्याकडे अपिलात मागवायला सुरुवात केली आणि बहुतेक शिक्षा रद्द किंवा कमी केल्या. स्वीडनमध्ये 1668 पासून लहान मुलांच्या साक्षींवर बायका मारल्या जात होत्या. 1676 मध्ये स्टॉकहोममध्ये मुलांची नीट उलटतपासणी झाली, त्यांनी खोटं बोलल्याचं कबूल केलं आणि खटले कोसळले. कायदे त्यानंतर बदलले: फ्रान्समध्ये 1682 मध्ये, ब्रिटनमध्ये 1736 मध्ये.

स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसला 1782 मध्येही आना ग्योल्डी या मोलकरणीचं डोकं उडवलं. मालकाच्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्या, हे कारण. निकालात चेटूक हा शब्द टाळून विषप्रयोग लिहिला.

प्रश्न : आता तीनशे वर्षांनी माफी मागून मेलेल्यांना काय मिळणार? मला हा दिखाऊपणा वाटतो.

तुमचा राग मला समजतो, पण मी सहमत नाही. ग्लारुसच्या विधिमंडळाने 2008 मध्ये आना ग्योल्डीला निर्दोष ठरवलं. स्कॉटलंडमध्ये साडेतीन हजारांहून जास्त जणांवर आरोप झाले होते. 2022 मध्ये तिथल्या फर्स्ट मिनिस्टरनी जाहीर माफी मागितली. या गोष्टींचा मेलेल्यांना उपयोग नाही, हे खरंच. पण सरकारी निकाल हा सरकारी कागद असतो आणि चुकीचा कागद दुरुस्त करायला मुदत नसावी.

आणि असं समजू नका की ही मागणी आजच्याच लोकांची आहे. अमेरिकेतल्या सेलमच्या खटल्यांत 1692 मध्ये 19 जणांना फाशी दिलं, एकाला दगडांखाली चिरडलं. एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या तरुणीला पुढच्या वर्षी मृत्युदंड झाला, पण अंमलबजावणी झाली नाही आणि ती जगली. 1711 मध्ये मॅसॅच्युसेट्सने बऱ्याच जणांच्या शिक्षा रद्द करून भरपाई दिली, त्या यादीत तिचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी तिने स्वतः अर्ज केला की माझंही नाव घाला. घातलं गेलं नाही. ती 1747 मध्ये गेली तेव्हाही कागदावर दोषीच होती. 2022 मध्ये एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी त्यांच्या शिक्षिकेसोबत पाठपुरावा केला आणि राज्याने तिचं नाव यादीत घातलं.